पावणेसातची एसटी

सिनेमाचा विषय निघाला की आमच्या मामांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. नट कोण, दिग्दर्शक कोण, गाणी कशी आहेत, यातलं काहीही ते विचारत नाहीत. विचारतात, "किती वेळाचा आहे?"

दोन तास दहा मिनिटं, असं सांगितलं की त्यांचा चेहरा खुलतो. "सभ्य दिसतोय." तीन तासांच्या वर आकडा गेला की कपाळाला आठी पडते. "एवढं काय सांगायचंय त्याला?"

सिडकोतल्या त्यांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला मामांची सिनेमावरची मतं ऐकावीच लागतात. चहा नाकारता येतो, मतं नाकारता येत नाहीत. आणि मतं साधीसुधी नसतात, अगदी निकालपत्रासारखी असतात. या मतांच्या मुळाशी एक गंमत आहे. ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही. मामांनी आयुष्यात हजारभर सिनेमे पाहिले असतील. त्यातल्या निम्म्याअधिकांचा शेवट त्यांनी पाहिलेला नाही.

दोष मामांचा नाही, एसटीचा आहे. कन्नडच्या अलीकडे आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. माल भरायला दर मंगळवारी मामा औरंगाबादला यायचे. गूळ, साखर, काड्यापेट्या, चहाची खोकी असा माल मोंढ्यातून उचलायचा, हातगाडीवरून स्टँडवर आणायचा, कॅन्टीनवाल्याच्या भरवशावर ठेवायचा आणि तीनच्या खेळाला टॉकीज गाठायची. गावाकडं जाणारी शेवटची गाडी पावणेसातला. म्हणजे साडेसहाला खुर्चीतून उठणं भाग. पडद्यावर कुणी मरो, कुणाचं लग्न लागो, साडेसहा वाजले की मामा उठले.

त्यामुळं मामांच्या डोक्यातल्या शहराच्या नकाशात टॉकीज स्टँडपासूनच्या अंतरानं मांडलेल्या आहेत. खडकेश्वरची अंजली, मोहन, गुलजार, सादिया, अंबा-अप्सरा ही नावं ते आजही पाढ्यासारखी म्हणतात आणि प्रत्येकीपुढं मिनिटं सांगतात. पायी किती, पळत किती, पावसात किती. पडदा कुठला मोठा, आवाज कुठला चांगला, हे विचारलं तर म्हणतात, "ते नंतर. आधी दार कुठं उघडतं ते बघायचं."

त्यांचा सगळ्यात जुना राग आहे तो खेळाआधी दाखवल्या जाणाऱ्या सरकारी बातम्यांच्या रिळावर. "मंत्री पुराची पाहणी करत बसायचे आणि इकडं माझा शेवट वाहून जायचा." राज कपूरचा 'मेरा नाम जोकर' चार तासांचा, त्याला दोन मध्यंतरं. त्यातल्या जोकराच्या तीन गोष्टींपैकी मामांनी अडीच पाहिल्यात. "अडीचच पुरेशा आहेत," हे त्यावरचं मत. ते इतक्या ठामपणे सांगतात की समोरच्यालाही वाटावं, राज कपूरनं उगाच अर्धा जोकर जास्त केला.

शेवट पाहिला नाही म्हणून मामांचं कधी अडलं नाही. कारण त्यांच्याकडं एक वाक्य आहे, "पुढचं समजतं की माणसाला." हे वाक्य ते सिनेमाबद्दल म्हणतात, निवडणुकीबद्दल म्हणतात, स्थळं बघायला गेल्यावर तर हमखास म्हणतात. टपावर माल, मांडीवर पिशवी, खिडकीबाहेर दौलताबादचा किल्ला अंधारात बुडत चाललेला. त्या दोन तासांत मामा उरलेला सिनेमा तयार करायचे. वेरूळ येईपर्यंत खलनायकाचा निकाल लागलेला असायचा. गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत नायक-नायिकेचं लग्न.

आणि तो सिनेमा वाया जायचा नाही. नऊच्या सुमाराला दुकानापुढं दहा-बारा माणसं बसलेली असायची. साखर न्यायला आलोय असं सांगायची, पण आलेली असायची सिनेमासाठी. पेट्रोमॅक्सच्या उजेडात मामा पोती उतरवता उतरवता सिनेमा सांगायचे. पहिले तीन तास सलीम-जावेद यांचे, शेवटची दहा मिनिटं मामांची. जोड कुठं आहे ते कुणाला कळायचं नाही. मामांनाही नंतर नंतर कळेनासं झालं.

'शोले' असाच गावात आला. १५ ऑगस्ट १९७५ ला तो मुंबईत लागला. आमच्याकडं नेमका कधी आणि कुठल्या टॉकीजला आला, यावर मामांचं आणि त्यांच्या मित्रांचं अजून भांडण आहे. जय मेला, वीरू पेटून उठला आणि साडेसहा वाजले. मामा रडत रडत स्टँडवर पळाले. पुढचं समजण्यासारखंच होतं. ज्याचे दोन्ही हात तोडले, ज्याचं घर उजाड केलं, तो ठाकूर खिळ्यांचे बूट घालून समोर उभा राहिल्यावर दुसरं काय होणार? मामांनी त्या रात्री दुकानापुढं गब्बरला मारला. चांगला हाल हाल करून मारला. गाव समाधानानं झोपायला गेलं.

चार-पाच वर्षांनी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. 'शोले'च. लोकांना तो पाठ होता, तरी सगळं गाव तंबूत. शेवट आला, ठाकूरनं पाय उचलला आणि एकाएकी पोलीस आले. कायदा, कर्तव्य वगैरे बोलणं झालं आणि गब्बर जिवंतच बेड्या घालून निघाला. तंबूत क्षणभर शांतता. मग एकच ओरडा झाला, "रीळ कापली! पैसे परत द्या!" तंबूवाला हात जोडून सांगतोय की माझ्याकडं एवढीच रिळं आहेत. गाव ऐकायला तयार नाही. "गब्बर मरतोय त्याच्यात! आमाला ठाव हाये!" शेवटी आजोबांनी मध्ये पडून त्याला चहा पाजला आणि पुढच्या गावाला लावून दिला. मामा त्या रात्री कुठं होते, याचा पत्ता नाही. म्हणजे त्यांना आहे, पण ते सांगत नाहीत.

लग्न झालं, नोकरी लागली, मामा शहरात राहायला आले. आता एसटी नव्हती, पण साडेसहाची सवय हाडात मुरलेली. शेवट जवळ आला की उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जातो आणि मामा अर्धे उठतात. मामीचा स्वभाव नेमका उलटा. पडद्यावरचं शेवटचं नाव सरकून जाईपर्यंत ती हलत नाही, तिकिटाचे पैसे पुरते वसूल करते. त्यामुळं त्यांचं एकत्र सिनेमा बघणं म्हणजे मामांच्या सदऱ्याचं टोक आणि मामीची मूठ.

'मुगल-ए-आझम'च्या बाबतीत ही मूठ कामी आली. मामांनी तो तरुणपणी पाहिला तेव्हा अनारकलीभोवती भिंत चढत होती आणि पावणेसातची वेळ झाली होती. तेव्हापासून अनारकली त्यांच्या लेखी भिंतीत गेलेली. तिचं नाव निघालं की डोळे ओले व्हायचे. २००४ साली तो सिनेमा रंगीत होऊन परत आला. भिंत चढू लागली तसे मामा रुमाल शोधत उठले. मामीनं सदरा ओढून खाली बसवलं. आणि काय, भुयार उघडलं, अकबरानं गुपचूप अनारकलीला सोडून दिलं. मामा बाहेर आले ते संतापलेले. "तीस वर्षं फुकट रडलो मी!" अनारकली वाचल्याचा आनंद त्यांना झाला तो दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवताना.

दूरदर्शनच्या काळात एसटीचं काम विजेनं केलं. 'सामना' बघताना ऐन वेळी दिवे गेले. निळू फुल्यांचा हिंदुराव शेवटी कायद्याच्या हाती लागतो, हे मामांना आजही पटत नाही. त्यांच्या आवृत्तीत पाटील मोकळाच फिरतो. "आमच्या तालुक्यात कुठला पाटील आत गेलाय? डॉ. जब्बार पटेलांना तेवढं तरी समजायला पाहिजे होतं."

खरं सुख मामांना मिळालं अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. दर जानेवारीत गळ्यात पास अडकवून ते सकाळीच प्रोझोनला हजर. डब्यात धपाटे, खिशात वेळापत्रक. इराणचा, पोलंडचा, कुठलाही सिनेमा चालतो. तिथं त्यांना आढळलं की शेवटच्या दहा मिनिटांत चांगली चांगली, दाढीवाली, अभ्यासू माणसंही उठतात, पुढच्या पडद्याची रांग धरायला. मामा घरी येऊन मामीला म्हणाले, "जगभरच्या सिनेमावाल्यांची हीच पद्धत आहे." २०२५ साली महोत्सवाचा पद्मपाणी पुरस्कार सई परांजपे यांना मिळाला, तेव्हा मामांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. 'चष्मेबद्दूर' आणि 'कथा' हे दोन्ही त्यांनी तरुणपणी संपूर्ण पाहिलेले. "सईबाईंनी प्रेक्षकाला वेळेत सोडलं नेहमी." याहून मोठं प्रशस्तिपत्र मामांकडं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी तो पुरस्कार जावेद अख्तर यांना मिळाला होता. मामा एका चिठ्ठीवर प्रश्न लिहून घेऊन गेले होते, 'शोलेच्या शेवटाबद्दल'. कार्यक्रम लांबला, हात मनगटावर गेला, मामा उठले. चिठ्ठी अजून पाकिटात आहे.

मुलानं मोबाइलवर सिनेमे लावून दिल्यापासून तर कळसच झालाय. 'अर्धवट पाहिलेले' या रांगेत मामांचे सिनेमे ओळीनं उभे असतात, प्रत्येकाखाली लाल रेघ आणि टोकाला बोटभर जागा रिकामी. 'लापता लेडीज'ची रेघ तेवढी पूर्ण भरलेली. सभ्य लांबीचा आणि वर आगगाडीतला घोटाळा. "आमच्या गाडीत पिशव्या बदलायच्या, इथं नवऱ्या बदलल्या. बाकी तेच." 'छावा'च्या वेळी मात्र ते उठले आणि मामीनं सदरा धरला नाही. तीही मागोमाग बाहेर आली. तो शेवट सगळ्या महाराष्ट्राला आधीच ठाऊक आहे.

एकदा मी विचारलं, "मामा, आता कसली घाई? गाडी तर पार्किंगमध्ये उभीये." म्हणाले, "'सैराट' बसून पाहिला मी. पूर्ण. त्या लेकराची पावलं बाहेर पडेपर्यंत. आठ दिवस जेवण गेलं नाही. दिग्दर्शकाचा शेवट एकच असतो रे. घरी येता येता बदलता येत नाही."

मग गेल्या डिसेंबरात 'शोले' परत लागला. पन्नास वर्षं झाली म्हणून नीट दुरुस्त करून, आधी इटलीत बोलोन्याला दाखवून. आणि त्यासोबत बातमी आली की मूळ शेवट परत जोडलाय. रमेश सिप्पींनी आधी जो शेवट चित्रित केला होता त्यात ठाकूर गब्बरला मारतो. तेव्हा आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही, म्हणून पोलीस घातले. म्हणजे तंबूतला तो ओरडा काही अगदीच खोटा नव्हता.

आम्ही सगळे मामांना घेऊन गेलो. जय गेला. वीरू पेटला. मामांचा हात मनगटावर. मामीची मूठ सदऱ्यावर. ठाकूरनं पाय उचलला. पोलीस आले नाहीत. गब्बर मेला आणि ठाकूर रडू लागला. मामा जागचे हलले नाहीत. दिवे लागले, झाडूवाला आला, तरी बसूनच.

बाहेर आल्यावर त्यांनी गावाकडं फोन लावला, दुकानापुढं बसणाऱ्यांपैकी एकाला. आवाज घोगरा झाला होता. "ऐक रे. गेला. गब्बर गेला. आत्ता बघून आलो डोळ्यांनी."

पलीकडून मोठ्यानं उत्तर आलं, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ते तू तवाच सांगितलं व्हतं की. नवीन काय लागलंय ते सांग."