पाय गेले, बोट उरलं

क्लिपर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघानं आपल्या पॉइंट गार्डला, ख्रिस पॉलला, घरी पाठवलं हे मला पटलेलं नाही, आणि मला न विचारता पाठवलं हे तर मुळीच पटलेलं नाही. माणूस चाळीस वर्षांचा, हंगाम एकविसावा, 'हा माझा शेवटचा' असं त्यानं आधीच जाहीर केलेलं. काही महिने कळ काढली असती तर हारतुरे घेऊन गेला असता. पण २०२५च्या डिसेंबरात, संघ अटलांटात मुक्कामाला असताना, रात्री त्याला सांगण्यात आलं की आता तू घरी जा. मध्यरात्र उलटल्यावर त्यानं ते जगाला कळवलं. आपल्याकडे तेव्हा दुपार होती. मी जेवून आडवा झालो होतो, तो ताडकन उठून बसलो. ताडकन म्हणजे आधी कुशीवर वळून, मग कोपरावर रेलून, मग पलंगाची कड धरून; पण मनातून ताडकन.

क्लबचं म्हणणं असं की अपयशाचा ठपका कोणी ख्रिसवर ठेवत नाही. एकवीस सामन्यांतले सोळा हरलेले, ठपका त्याच्यावर नाही, म्हणून घरी तो. मी हे तावातावानं पुतणीला ऐकवलं. ती कॉलेजच्या संघात खेळते आणि वाद घालताना आवाज चढवत नाही, हा तिचा मोठा दुर्गुण आहे.

"काका, सोळा मॅचमध्ये सरासरी २.९ पॉइंट आहेत त्याचे."

"पॉइंट गार्ड स्वतः बास्केट करत बसत नाही. दुसऱ्यांकडून करवून घेतो."

"असिस्ट ३.३."

"पास घेणाऱ्यांना बास्केट करता येत नसेल तर तो काय करणार?"

"हे तू दर रविवारी म्हणतोस," ती म्हणाली आणि फोनमध्ये डोकं घालून बसली.

रविवारचं सांगायला हवं. मी पाच फूट पाच इंच. या उंचीच्या माणसाला बास्केटबॉलमध्ये दोनच जागा असतात: पॉइंट गार्डची, नाहीतर टेबलावर स्कोअर लिहिणाऱ्याची. माझं अक्षर वाईट असल्यामुळे मी पॉइंट गार्ड झालो. उडी नव्हती, वेग बेताचा होता, पण 'व्हिजन' होतं, असं आमचे कोच म्हणत. आता चष्म्याला प्रोग्रेसिव्ह काचा आहेत. रिंग वरच्या भागातून दिसते, बॉल खालच्या भागातून, आणि मधल्या धूसर पट्ट्यातून समोरचा पोरगा बॉल काढून पळतो. तरीही अजून दर रविवारी सकाळी आमच्या भागातल्या सिमेंटच्या कोर्टवर बॉल वर आणतो तो मीच. निदान अर्ध्या कोर्टापर्यंत तरी.

पॉलबद्दलच्या बातम्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा येत होती. तो म्हणे सगळ्यांना फार सांगतो. खेळाडूंना सांगतो, कोचिंग स्टाफला सांगतो, वर ऑफिसात बसलेल्यांनाही सांगतो. हे वाचून मला भरून आलं. अहो, सांगणं हाच तर या जागेचा धंदा! सेंटरला उंची लागते, शूटरला मनगट लागतं, पॉइंट गार्डला लागतं ते बोट. एका हातानं ड्रिबल करायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं चार मोठ्या माणसांना त्यांच्या जागा दाखवायच्या. तू कोपऱ्यात जा, तू स्क्रीन लाव, तू तिथे काय करतोयस? वय झालं की आधी गुडघे जातात, मग कंबर जाते, मग श्वास जातो. बोटाला मात्र काही होत नाही. उलट ते वर्षागणिक लांब होत जातं.

पॉलचं बोट तर दंतकथेत शोभावं असं. डिसेंबर २०१९मध्ये तो ओक्लाहोमाकडून मिनेसोटाविरुद्ध खेळत होता. शेवटचा सेकंद-दोन सेकंद उरलेला, संघ मागे. समोरच्यांचा एक बदली खेळाडू मैदानात उतरला, आणि पॉलला काय दिसलं? त्याचा शर्ट खोचलेला नाही! लगेच पंचांना बोट करून दाखवलं. नियमानं ती वेळ दवडणं ठरली, आधीची एक ताकीद होतीच, म्हणून टेक्निकल फाउल, म्हणून एक फ्री थ्रो. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि ओक्लाहोमानं जिंकला. दहा-पंधरा हजार माणसं आरडाओरडा करत असताना दुसऱ्याच्या शर्टाकडे लक्ष असणं, याला मी बास्केटबॉलची बुद्धी म्हणतो.

"याला मी कटकट म्हणते," पुतणी म्हणाली.

मग मी पोतडी उघडली. जॉन स्टॉक्टन, यूटाचा: २००२-०३चा शेवटचा हंगाम, वय ४१ला टेकलेलं, ८२च्या ८२ सामने खेळला. जेसन किड: डॅलसनं १९९४ साली घेतला, अडीच वर्षांत विकला, २००८मध्ये परत आणला, आणि २०११मध्ये ३८ वर्षांच्या त्याच किडला घेऊन विजेतेपद जिंकलं. आणि हाच पॉल आदल्या वर्षी सॅन अँटोनियोत ८२च्या ८२ सामन्यांत पहिल्या पाचांत होता. त्याच्या आधीच्या वर्षी तो संघ २२ सामने जिंकला होता, तो आला आणि ३४ जिंकला.

"सॅन अँटोनियोत सात फूट चार इंचांचा वेम्बान्यामा आहे, काका."

"त्याला पास कोण देत होतं?"

"त्याला कोणीही पास देऊ शकतं. नुसता वर फेकायचा. तूसुद्धा देशील."

यातलं 'सुद्धा' मी सोडून दिलं.

माझ्या बाजूचं सगळ्यात जोरदार उदाहरण मी राखून ठेवलं होतं: लेकर्स, २०१२. डेरेक फिशर हा लेकर्सचा जुना गार्ड, पाच विजेतेपदं त्याच्या नावावर. २००४मध्ये घड्याळात ०.४ सेकंद उरलेला असताना बॉल घेऊन, वळून, टाकून, सॅन अँटोनियोला त्यांच्याच घरी हरवणारा तो हाच. मार्च २०१२मध्ये लेकर्सनी ठरवलं की ३७ म्हणजे म्हातारा, आणि त्याला ह्यूस्टनला देऊन टाकला. ह्यूस्टननं त्याला मोकळं केलं, तो ओक्लाहोमात गेला, आणि मे महिन्यात ओक्लाहोमानं लेकर्सना ४-१नं घरी बसवलं. इथवर नियती माझ्या बाजूनं होती. पण त्याच जुलैत लेकर्सनी नवा पॉइंट गार्ड आणला तो स्टीव्ह नॅश, वय ३८. म्हणजे म्हातारा म्हणून ज्याला काढला त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठा! हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा पाय मोडला. तीन वर्षांचा करार, त्यात मिळून ६५ सामने खेळून झाले. तिसऱ्या वर्षी तर एकही नाही, कारण ऑक्टोबर २०१४मध्ये, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, त्याची पाठ पुन्हा धरली.

कशानं धरली? बॅगा उचलताना.

माफ करा, पण मला इथे थोडं थांबावंच लागेल. त्या बॅगांवर मी जितका विचार केलाय तितका नॅशच्या दोन एमव्हीपी पुरस्कारांवर केलेला नाही. उगाच 'बॅगा' असं मोघम सांगून बातमी पुढे गेली. किती बॅगा? चाकांच्या की हातात धरायच्या? आणि मुख्य म्हणजे, कोणाच्या? चाळीस वर्षांच्या माणसाची पाठ स्वतःच्या बॅगेनं जात नाही, हा माझा अभ्यास आहे. स्वतःची बॅग आपण बेतानं भरतो आणि बेतानं उचलतो. पाठ जाते ती दुसऱ्याच्या बॅगेनं, आणि ती उचलण्यापूर्वी एक वाक्य बोललं जातं: "राहू दे, मी घेतो." मराठी घरांत जेवढ्या कंबरा धरल्या आहेत त्यातल्या निम्म्या या वाक्यानं धरल्या असतील. स्टेशनवर मेहुणीच्या हातातली ट्रॉली, ज्यात तिनं चकलीच्या भाजणीचे डबे भरलेत. जिना चढताना शेजारच्या आजींचा गॅस सिलिंडर. "अहो, जड आहे." "छे, यात काय जड?" आणि 'काय जड'मधल्या 'जड'वर आतून एक कट्. मग चेहरा न बदलता जिना चढायचा, बॅग हळूच नव्हे, सहज ठेवल्यासारखी ठेवायची, चहा नको म्हणायचं, कारण खुर्चीत बसलो तर उठता येणार नाही, आणि घरी येऊन भिंत धरून तासभर उभं राहायचं. ही सगळी कला मला येते. नॅशला ती कोणी शिकवली नसावी, म्हणून त्यानं खरं सांगून टाकलं. जगातल्या सगळ्यांत चपळ गार्डांपैकी एक, ज्यानं बर्फावर घसरल्यासारखे पास दिले, त्याचा शेवट सामानानं केला. माझा अंदाज आहे की तिथेही कोणीतरी आधी म्हणालं असेल, "मिस्टर नॅश, राहू द्या."

"म्हणजे तुझंच उदाहरण माझ्या बाजूनं गेलं," पुतणी म्हणाली. "म्हातारा ठेवला तर हे असं होतं."

"फिशरला ठेवला असता तर झालं नसतं."

"त्यानं बॅगा उचलल्या नसत्या?"

या मुलीला वकिलीला घालायला हवं होतं.

तेवढ्यात तिच्या फोनवर लागोपाठ टिंग टिंग झालं आणि तिनं तो पालथा घातला. पालथा घालण्याच्या वेगावरून माणसाला पुष्कळ कळतं, आणि माझ्या प्रोग्रेसिव्ह काचांचा खालचा भाग अजून उत्तम आहे. रविवारच्या खेळाचा ग्रुप होता. नावही आमचंच, पुढे फक्त दोनचा आकडा. एक नंबरच्या ग्रुपमध्ये मी आहे. तिथे हल्ली सुविचार आणि वाढदिवस येतात. खेळ किती वाजता, टीम कशा, हे बहुधा दोन नंबरवर ठरत असावं. मला गेले काही रविवार वाटत होतं की पोरं फार लवकर येऊन वॉर्म-अप करतात, शिस्त वाढली. तो वॉर्म-अप नव्हता. तो सामना होता. मी पोचायचो तेव्हा तो संपत आलेला असायचा, आणि मग सगळे दमलेले असूनही माझ्याबरोबर आणखी एक हळूहळू खेळायचे.

यावर विनोद करायचा मी बराच प्रयत्न केला. जमला नाही. पोरं वाईट नाहीत. उलट चांगली आहेत, म्हणून तर हे असं केलं. मला दुखवायचं नाही म्हणून सांगितलं नाही. पण ज्या माणसानं जन्मभर सगळ्यांना सगळं तोंडावर सांगितलं, तू चुकीच्या जागी उभा आहेस, तू बॉल फार धरतोस, त्याच्याबद्दल निर्णय घेताना मात्र सगळ्यांची वाचा बसते. इतकी वर्षं मी जिंकायला शिकवत होतो असं मला वाटायचं; त्यातलं त्यांनी घेतलं ते एवढंच, की काकांना सांभाळून घ्यायचं. हे सांभाळणं मला टोचलं. आणि ज्या क्लिपर्सना मी आठवडाभर शिव्या दिल्या, त्यांचा मोठा साहेब लॉरेन्स फ्रँक निदान अटलांटात समोर बसून बोलला, हे आठवून मी जरा गप्प झालो. वेळ वाईट निवडली, पण तोंडावर सांगितलं. पॉलला त्या रात्री जे काही वाटलं असेल, त्यात 'सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं' हे बहुधा थोडं कमी असेल.

हे करायची बरी रीतही असते. टोनी पार्कर सॅन अँटोनियोत एकोणिसाव्या वर्षी आला, सतरा हंगाम खेळला, चार विजेतेपदं जिंकला. २०१७च्या मे महिन्यात मांडीचा स्नायूबंध तुटला, त्यातून परत आला. जानेवारी २०१८मध्ये कोच पॉपोविचनी त्याला सांगितलं की आता पहिल्या पाचांत एकवीस वर्षांचा डिजाँटे मरे. पार्कर म्हणाला, ठीक आहे, मी त्याला मदत करीन. बाकावर बसला, पोराला शिकवलं, उन्हाळ्यात शार्लटला गेला, वर्षभरानं निवृत्त झाला. सॅन अँटोनियोनं त्याचा नऊ नंबर कायमचा वर टांगला. यात कोणी कोणावर दया केली नाही. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं ऐकलं. पॉइंट गार्डला उभा जन्म सांगायची सवय असते. ऐकायची संधी त्याला एवढी एकदाच मिळते, ती तरी लोकांनी काढून घेऊ नये.

हे सगळं मी पुतणीला नीट समजावून सांगितलं. बोटानं. जुन्या पॉइंट गार्डला ठेवायचं की नाही, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, म्हटलं. पाय गेले असतील तर नका ठेवू, भले पोतडीतले किड आणि स्टॉक्टन काहीही म्हणोत. पण त्याला घेऊन बसा, डोळ्यांत बघा आणि स्पष्ट सांगा. माणूस मोडत नाही त्यानं. आम्ही आयुष्यभर फाउल खाल्लेत.

तिनं पहिल्यांदाच फोन बाजूला ठेवला. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "खरंच? मग रविवारी सांगू?"

"रविवारी कसं सांगशील?" मी म्हटलं. "रविवारी मॅच असते."