अर्ध्या हळकुंडाचं इंग्रजी

लेकीची परीक्षा आणि शेतातली हळद आमच्याकडं एकाच महिन्यात शिजते. परवा अंगणात वाळत घातलेल्या हळदीची एक कांडी मोडून बघत होतो. ‘कट्’ असा आवाज आला की वाळली समजायचं, मग पॉलिश करून मोंढ्यावर. आवाज काही आला नाही, लेक मात्र इंग्रजी वाक्प्रचारांची वही घेऊन आली.

मला इंग्रजी येतं असा घरात समज आहे. तो मीच पसरवलाय. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, मला कुणी विचारलंही नाही.

‘पप्पा, इंग्लंडात पावसात कुत्री-मांजरं कशी काय पडतात?’

‘आपल्याकडं मुसळं पडतात तशीच.’ खरं तर मांजर बरं, पडलं तरी पायावर उतरतं.

पुढचा होता बादलीला लाथ मारणे, म्हणजे मरणे. आमची म्हैस धार काढताना रोज बादलीला लाथ मारते आणि ठणठणीत आहे. मरायची पाळी माझ्यावर येते. मग निघालं की इंग्रजीत पिवळा म्हणजे भित्रा. हळदीच्या दिवशी नवरदेवाचा चेहरा आठवला आणि वाटलं, साहेब अगदीच चुकला नाही.

‘आणि न्यूकॅसलला कोळसा नेणे?’

‘कॅसल म्हणजे किल्ला. नव्या किल्ल्यावर चुली पेटवायला कोळसा लागणारच. म्हणजे वेळेला मदत करणे.’

तिनं गाईड उघडलं. न्यूकॅसल हे कोळशाचंच गाव निघालं. लंडनच्या शेगड्या शेकडो वर्षं तिथल्याच कोळशावर पेटायच्या, जहाजंच्या जहाजं भरून जायची.

‘तिथंच उलटा कोळसा न्यायचा? असं येड्यासारखं कोण करतं, पप्पा?’

तेवढ्यात फाटक वाजलं. पुण्याची बहीण आली होती. अंगणभर पसरलेल्या हळदीतून, निऱ्या उचलून, एकेक पाऊल टाकत ओट्यावर आली. टाचा पिवळ्या झाल्या होत्या. पाणीसुद्धा न पिता तिनं पिशवीतून अर्ध्या किलोचं चकचकीत पाकीट काढलं.

‘दादा, वहिनीला दे. हळद आहे. हल्ली बाजारात किती भेसळ असते, म्हणून मुद्दाम मॉलमधून आणली.’

मी पाकीट घेतलं. लेकीनं एकदा पाकिटाकडं बघितलं, एकदा अंगणाकडं. मग वही मांडीवर घेऊन न्यूकॅसलच्या पुढं सुवाच्य अक्षरात अर्थ लिहिला : आत्या.