कप्तान, मुक्काम पोस्ट बल्लारपूर

निवृत्त सरकारी नोकरांच्या जाती असतात. एक पहाटे फिरायला लागतो आणि दिवसभर गावाला चालण्याचे फायदे सांगतो. दुसरा पारायणाला लागतो. तिसरा पेन्शनच्या फरकासाठी ट्रेझरीच्या पायऱ्या झिजवतो. चौथी जात जरा दुर्मिळ. हा माणूस भलत्याच विषयात घुसतो आणि मग बाहेर यायचं नाव घेत नाही.

आमचे कप्तान या चौथ्या जातीतले. सरकारी कागदावर ते सेवानिवृत्त वनपाल. निम्मी नोकरी आलापल्ली, अहेरी, सिरोंच्याकडे गेली आणि शेवटची वर्षं बल्लारपुरात लाकूड डेपोवर. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला. लेकीकडे मुंबईला गेले असताना जुहूला पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहिले, एक लाट अंगावर घेतली आणि ‘पानी खारट हाये’ असा शेरा मारून परत फिरले. हे गृहस्थ ब्रिटिश आरमाराच्या ‘हिंदुस्तान’ नावाच्या युद्धनौकेवर अधिकारवाणीनं बोलतात. स्टेशनजवळच्या टपरीवर, पन्नीत खर्रा घोटत.

नौका मात्र थापेतली नाही. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला जॉन ब्राऊनच्या गोदीत ती बांधली गेली, डिसेंबर १९०३ मध्ये पाण्यात उतरली आणि १९०५ साली आरमारात रुजू झाली. वजन सोळा हजार टनांच्या आसपास. बारा इंची तोफा चार, त्यांच्या खालोखाल ९.२ इंची चार आणि सहा इंची दहा. अशा आठ बहिणी होत्या. थोरलीला राजा सातव्या एडवर्डचं नाव आणि बाकी बहुतेकींना साम्राज्यातल्या मुलखांची नावं. आठही जणींना सरळ रेषेत चालणं जमत नसे. सुकाणूच असं होतं की नाक सारखं इकडेतिकडे वळे. खलाशी त्यांना ‘डगमगत्या आठजणी’ म्हणत.

कप्तानांना हे सगळं रद्दीत सापडलेल्या एका इंग्रजी पुस्तकातून कळलं. पुस्तक त्यांनी डिक्शनरी घेऊन वाचलं आणि वाचताना एक गोष्ट केली, जी इंग्रज इतिहासकाराला सात जन्मात सुचली नसती. त्यांनी ते सेवापुस्तिका म्हणून वाचलं.

‘१९०५ ले जॉइन,’ ते अंगठ्यानं सुपारी रगडत सांगतात. ‘पयली पोस्टिंग अटलांटिक ताफा. १९०७ ले चॅनेल ताफ्यात बदली. १९०९ ले होम फ्लीट. दर दोन वर्षानं बदली गा! आमाले तीन वर्षं तरी ठेवत होते.’

या सेवापुस्तिकेतला सर्वांत दुःखद भाग पहिल्याच वर्षी येतो. फेब्रुवारी १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ पाण्यात उतरली. तिच्यावर बारा इंची तोफा एकदम दहा, पोटात वाफेची टर्बाइन आणि वेग एकवीस नॉट. जगातल्या साऱ्या युद्धनौका त्या दिवशी जुन्या झाल्या. ‘हिंदुस्तान’वरचा रंगही पुरता वाळला नव्हता. इतिहासाची पुस्तकं याला तंत्रज्ञानातली क्रांती म्हणतात. कप्तान खर्रा गालात सरकवतात आणि म्हणतात, ‘नोकरीले वर्ष झालं नाही, अन् थेट भरतीचा साहेब डोक्यावर येऊन बसला.’ आवाज इतका कडू होतो की ड्रेडनॉटच्या आडून त्यांना कोण्या रेंजरचं तोंड दिसत असावं, अशी आम्हाला शंका येते.

१९११ साली युवराज एडवर्ड या नौकेवर तीन महिने मिडशिपमन होता. कप्तानांच्या भाषेत प्रोबेशनर. ‘आमच्याकडेही येत होती आयएफएसची पोरं. थोडे दिवस जंगल पाहाची, डायरी लिहाची, अन् पुढं आमचाच सीआर लिहाले बसाची.’ या युवराजानं पुढे १९३६ मध्ये राजगादी सोडली, हे कोणीतरी मुद्दाम काढतं. त्यावर ठरलेलं उत्तर आहे: ‘राजीनामा त्यानं वैयक्तिक कारणानं देल्ला. जहाजाचा त्यात दोष नाही.’

महायुद्ध सुरू झालं तेव्हा आठही बहिणी उत्तर समुद्रात गस्तीला होत्या. त्यांना काम मोठं मानाचं दिलेलं. नव्या, महागड्या ड्रेडनॉटांच्या पुढे चालायचं, म्हणजे पाण्यात सुरुंग असला तर तो आधी यांना लागेल. ‘पुढे रोजंदारीवाला, मागे साहेब,’ इति कप्तान. थोरली ‘किंग एडवर्ड’ जानेवारी १९१६ मध्ये सुरुंगानंच बुडाली. उरलेल्यांना एप्रिलच्या अखेरीस टेम्स नदीच्या मुखाशी शीअरनेसला हलवलं. आणि पुढच्याच महिन्यात, ३१ मे रोजी जटलंडची लढाई झाली. त्या युद्धातली आरमारांची सर्वांत मोठी लढाई, आणि कप्तानांचं जहाज महिन्याभराच्या फरकानं तिला मुकलं.

इथे टपरीवरचं एखादं आगाऊ पोरगं विचारतंच, ‘कप्तान, मंग थे जहाज लढलं कवा?’

कप्तान घोटणं थांबवतात. ‘ड्यूटी केली ना त्यानं?’

‘थे ठीक. पन शत्रू?’

‘तू जिप्सीत बसते, मोहर्लीच्या गेटातून आत जाते, अन् दोन घंट्यात वाघाचा फोटो घेऊन येते. मी सारी नोकरी पायी केली. पगमार्क पाह्यले, प्लास्टरचे साचे काढले, मारलेल्या ढोराचे पंचनामे केले, रात्री डरकाळी आयकली. वाघ एकही दिवस समोर आला नाही. आता पगार वापस करू का?’

वनखात्यात उभी हयात काढून ज्याला वाघ दिसला नाही, असा माणूस ताडोब्याच्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. निदान कबूल करणारा तरी नाहीच. इथे शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाच्या पदरी एक वाघ असतो, आणि तो सांगणाऱ्याच्या वयाबरोबर लांबीला वाढत जातो. कप्तान कोरेच राहिले. एखादा वाघ बनवून सांगायला त्यांना काय पैसे पडत होते? पण ज्यानं आयुष्यभर ओंडक्याचा घेर टेप लावून लिहिला, त्याला अंदाजे बोलवत नाही.

एका बाबतीत मात्र ते टेप घरी विसरतात. पण आधी १९१८, कारण ते साल त्यांचं लाडकं आहे. त्या वर्षी ‘हिंदुस्तान’ला लढाऊ ताफ्यातून काढून डेपो शिप केलं. एप्रिलमध्ये झीब्रुगच्या जर्मन तळावर जो गाजलेला छापा पडला, त्याला निघालेली माणसं आधी हिच्यावर मुक्कामाला होती. कप्तान हे सांगताना खुर्चीत सरळ बसतात. ‘डेपो! आयकलं का? शेवटी डेपोच. लोकं म्हनतात डेपो म्हनजे साइड पोस्टिंग. अरे, माल तिथूनच निघते!’ लगेच पुढची तक्रार येते: नोकरीला बारा वर्षं १९१७ लाच भरली होती, म्हणजे कालबद्ध पदोन्नती लागू होती, ती दिली नाही. वर मे महिन्यात ‘रेसलर’ नावाच्या विनाशिकेशी टक्कर झाली. ‘चौकशी लागली असन,’ ते हळहळतात. ‘रिटायरमेंटच्या तोंडावर लागतेच.’

तर टेप घरी राहतो तो सागाच्या बाबतीत. ‘हिंदुस्तान’चा डेक आलापल्लीच्या सागाचा होता, असं कप्तानांचं म्हणणं आहे. यातला अर्धा भाग पक्का. युद्धनौकेला साग लागतच असे. तो पाण्यानं लवकर कुजत नाही, आणि अंगच्या तेलामुळे लोखंडाला गंजू देत नाही. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंड खातं. १८६० च्या ‘वॉरियर’ या नौकेवर साडेचार इंच जाड लोखंडी चिलखतामागे अठरा इंच सागाचा थर होता. मुंबईच्या वाडियांनी १८१७ मध्ये सागात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. पण तो साग मलबारचा, आणि आरमाराला पुढे जो लागला तो मुख्यतः ब्रह्मदेशातून, मौलमीन-रंगूनच्या बंदरांतून गेला. आलापल्लीचं नाव त्यात नाही.

हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी टपरीच्या फळीवर खर्ऱ्याच्या भुकटीनं नकाशा काढला. ‘हे आलापल्ली. ही प्राणहिता. थे सिरोंच्याखाली गोदावरीले भेटते. गोदावरी समुद्राले भेटते. लाकूड पान्यावर तरंगते का नाही? मंग?’

या तर्काला उत्तर नाही, फक्त पुरावा नाही. शिवाय इतिहास थोडा त्यांच्याकडे झुकतो, हे मान्य करायला हवं. सर आर्थर कॉटनच्या डोक्यातून निघालेली योजना होतीच की गोदावरी आणि तिच्या उपनद्यांतून बोटी वर आणायच्या आणि वऱ्हाडचा कापूस समुद्राला न्यायचा. सिरोंचा हे तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं. नदीतले खडक फोडण्यात पैसा गेला आणि १८७१ मध्ये काम गुंडाळलं. नाही तर सिरोंच्याला धक्का असता, आणि आमच्या कप्तानांना खरी टोपी. त्यात २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी इथून साग वाजतगाजत गेला, तेव्हापासून तर त्यांना आवरणं कठीण. ‘रामाले जाते, तर राजाले काऊन नाही गेला?’

परवा हा वाद एका नव्या वनरक्षकानं मिटवला, तोही अजाणतेपणी. कप्तान नौकेच्या शेवटाशी आले होते. १९२१ साली विक्री, १९२३ मध्ये प्रेस्टनला नेऊन मोडतोड. लोखंडाचं त्यांना काही नाही, पण डेकचा साग किती घनमीटर निघाला, मोजला कोणी, याची नोंद पुस्तकात नाही म्हणून ते अस्वस्थ होते. पोरगा चहाचा ग्लास ठेवून फार आदरानं म्हणाला, ‘साहेब, आलापल्लीहून माल निघाला तवा टीपी फाडली असन ना?’

‘पायजेच. १८७८ च्या कायद्यातही वाहतूक परवाना होता.’

‘अन् लठ्ठ्यावर हातोड्याचा ठप्पा?’

‘बिना हातोड्याचा माल डेपोबाहेर जाते का गा?’

‘मंग रेकॉर्ड कुठं हाये?’

कप्तान गप्प. पोरगा नुकताच ट्रेनिंगवरून आलेला, त्याला जे शिकवलं होतं ते तो सरळ बोलून गेला: ‘रेकॉर्ड नाही म्हनजे अवैध माल झाला ना, साहेब. जहाजावर गुन्ह्याचा पीओआर फाडा लागन.’

टपरी हसली. कप्तान हसले नाहीत. त्यांनी खर्रा थुंकला, तोंड धुतलं, रुमालानं पुसलं आणि नागपूरची पॅसेंजर निघून जाईपर्यंत विचार केला. एकीकडे आलापल्लीची इभ्रत, दुसरीकडे अठरा वर्षांची निष्कलंक सेवापुस्तिका आणि तिच्यात शेवटच्या पानावर लाकूडचोरीचा शेरा.

‘नाही गा,’ ते शेवटी म्हणाले. ‘थो साग ब्रह्मदेशचाच असन.’