आवाजाचा बीड पॅटर्न

पीक विम्यात नुकसानीची सूचना 72 तासांत देण्याची अट असताना बालाघाटच्या डोंगरावरील पाटोदा-आष्टीचा शेतकरी रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढत असे आणि त्याने सांगितलेला गट नंबर पलीकडच्या विमा कॉल सेंटरला ‘...ट नं...’ एवढाच पोचत असे; तरीही अशा संभाषणांच्या दर्जाची तपासणी निर्दोषच मानावी लागेल. ध्वनिमुद्रण कॉल सेंटरच्याच टोकाला होत असल्याने शेतकऱ्याच्या कानी काय पडले हा क्षुल्लक तपशील परीक्षकापर्यंत जात नाही, आणि प्रतिनिधीचे ‘आपला आवाज येत नाहीये’ हे वाक्य मात्र इतके खणखणीत उमटते की, श्रोत्यांनी 1 ते 5 मध्ये दिलेल्या पसंतीची सरासरी काढणाऱ्या प्रचलित मोजपट्टीवर त्याला पूर्ण गुण द्यावेत.

सुधारणा हवीच असेल, तर 2020 च्या खरिपात याच बीड जिल्ह्यात राबवलेले 80-110 सूत्र, म्हणजे भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेल्यास वरचा भार राज्याने उचलायचा आणि ती फारच कमी झाल्यास कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची, हे आवाजालाही लावावे: शंभरातले वीस शब्द वाटेत गळाले तर तो कंपनीचा रास्त नफा, त्याहून अधिक गळालेले मंत्रालयात जमा. 72 तास मात्र फोन लागल्यापासून नव्हे, नुकसान झाल्यापासून मोजले जात.