मचाणावरचा चिवडा

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटातल्या एका पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसलो होतो. संध्याकाळी मचाणावर चढायचं, ते सकाळीच उतरायचं. अत्तर नको, भडक कपडे नकोत, मोबाइल बंद, तोंडही बंद. सूचना भरपूर होत्या; चिवड्याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं.

प्लास्टिकची पिशवी दिवसा किती सोज्वळ असते! रात्रीच्या जंगलात तिच्या अंगात येतं. मी एकेक शेंगदाणा चोरासारखा काढत होतो. शेजारचा कोरकू वाटाड्या बराच वेळ सोसत राहिला. शेवटी कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, एकदाचा खाऊन टाका. हळूहळू खाल्ल्यानं आवाज जास्त होते."

ही सगळी शिस्त मूळची शिकाऱ्यांची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुका खाली उतरल्या, मचाण तेवढं वर राहिलं. मचाणावर खोकला आला तर तो गिळायचा, हाकाऱ्यांच्या बाजूला नळी वळवायची नाही, हे तर झालंच. पण खरी जबाबदारी जखमी वाघाची. त्याला तसाच सोडून डाकबंगल्यावर कोंबडी खायला जाणाऱ्याला शिकारी कसं म्हणावं? जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची वाघीण मारली, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे सुळे कुणाच्या तरी जुन्या गोळीने तुटलेले निघाले. त्यामुळेच नरभक्षक झालेल्या तिने ४३६ माणसं मारली होती. तो गोळी घालणारा कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. घरी जाऊन त्याने नेमाच्या गप्पाही मारल्या असतील.

गप्पांवरून आठवलं. मेलेला वाघ अंगाच्या वळणांवरून टेप फिरवून मोजला की काही इंच वाढतो. नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ मोजला की तेवढाच आटतो. वाघ तोच, टेपही तीच. मोजणाऱ्याचं घराणं तेवढं कळतं.

मला हे सुचत होतं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि माझ्या तक्त्यात चार रानडुकरं नि एक सांबर, एवढीच जमा होती. पलीकडचं झुडूप हललं. मी घाईघाईने लिहिलं, 'बिबट्या – १'.

वाटाड्याने तक्ता चांदण्यात धरला. "पायला तुम्ही?"

"काहीतरी हललं ना!"

"मंग 'काहीतरी' लिवा."

खोडरबर शोधायला मी पिशवीत हात घातला, आणि ती पुन्हा बोलू लागली.