चौरस फुटाचा भाव

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं आणि आम्हा हट्टा गावच्या लोकांची मान ताठ झाली. चित्र १९५४ चं. त्यात आहे काय, तर खेडं. म्हणजे आम्हीच की! हा भाव सातबाऱ्यावर चढवता येतो का, एवढंच तलाठ्याला विचारायचं राहिलंय.

गावाला हा भाव, मग गावच्या पेंटरला? आमचा पेंटर दुकानाच्या पाट्या लिहायचा. ‘किराणा’तल्या ‘र’ची शेपटी एका दमात ओढायचा, मग ब्रश रॉकेलात बुचकळून कानावर खोचायचा. पुढं वसमतहून फ्लेक्स येऊ लागले. आता त्याच्याकडं उरलीत पोळ्याच्या बैलांची शिंगं. शिंगं अजून छापून मिळत नाहीत, हे नशीब.

त्याच्या पोराचाही हात बरा आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला शंभरावर पोरं असली, तरच कला शिकवायला माणूस द्यायचं ठरवलं, तोही अर्धवेळ. पोरं नव्व्याण्णवच भरली, तर कला त्यांनी रानात वेचावी.

जाणकार म्हणतात, “मुंबईला पाठवा.” तिथलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये निघालं, तेच मुळी देशी कारागिरी सुधारावी म्हणून. कारागिरी सुधारली, कारागीर मात्र फाटकाबाहेर थांबून फ्रेमा ठोकतोय. शिकून निघालाच कुणी, तर प्रदर्शनाला दालनाचं भाडं, फ्रेमा, कॅटलॉग, मुंबईतला मुक्काम. एवढा खर्च झेपणाऱ्याला चित्रं विकायची गरज काय? विलायतेतही तीच गत. तिथं ज्या घराला बिनपगारी उमेदवारी परवडते, त्याच घरची पोरं कलेच्या दारातून आत शिरतात. साहेब गेला, पण दारवान ठेवून गेला.

हुसेनही मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, हे समीक्षक फार कौतुकानं सांगतात. गरिबी चरित्रात शोभते. अर्जात लिहिली की अर्ज मागं येतो.

परवा पेंटरला बातमी दाखवली. त्यानं आधी माप विचारलं. म्हटलं, लांबी चौदा फुटांजवळ, उंची तीन. बोटांवर हिशोब करून तो म्हणाला, “म्हंजे फुटाला पावणेतीन कोटीच्या वर.” मग ब्रश पुसत त्यानं धंद्यातली खरी शंका काढली :

“रंग त्यायचा का गिऱ्हाईकाचा हो?”