सातबारा आणि साम्बा

मावळात जमीन विकण्यापेक्षा अवघड काम एकच: तिचा सातबारा शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला देणं.

वडगाव ते लोणावळा, बंगलो-प्लॉटवाल्यांचं कुठलंही ऑफिस बघा. आर्किटेक्टकडे मॅक, कारण गिऱ्हाईक मुंबईचं. हिशेबनीसाकडे विंडोज, कारण टॅली. कोपऱ्यात लिनक्स, कारण साहेबांचा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि लिनक्स फुकट. तिन्ही मशीन एकाच वायफायवर, फाइल मात्र व्हॉट्सॲपवर. चार फुटांवरचं टेबल गाठायला ती खंडाळ्याचा घाट उतरून परदेशी सर्व्हरला वळसा घालून येते.

मग मीटिंग: फाइल ऑफिसच्याच नेटवर्कवर कुठल्या पद्धतीने वाटायची? भाचा म्हणतो, एनएफएस. सन कंपनीचं, १९८४ सालचं, युनिक्सवाल्यांत नावाजलेलं. पण साध्या मांडणीत ते माणसाची ओळख पटवत नाही. समोरचं मशीन जो युजर नंबर सांगेल तो खरा. एक प्लॉट दोघांना विकल्याच्या गोष्टी चहाबरोबर ऐकायला मिळणाऱ्या तालुक्यात हे? आर्किटेक्टला ॲपलचंच हवं, पण ॲपलनेच २०१३ साली आपलं एएफपी मागे सारून विंडोजवाल्यांचं एसएमबी पुढे केलं. लिनक्सला ते शिकवतो साम्बा नावाचा प्रोग्राम. शोलेतला नव्हे, ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेलने नव्वदीच्या सुरुवातीला लिहायला घेतलेला. म्हणजे तिघांनाही एसएमबी. वाद मिटला.

मिटला कसला! आर्किटेक्ट मॅकवर फाइलला नाव देतो: ७/१२. मॅक खुशाल घेतो. विंडोजला नावात तिरकी रेघ चालत नाही, लिनक्सला ती रेघ म्हणजे फोल्डरची हद्द. सामायिक फोल्डरमध्ये त्या फाइलचं नाव भलतंच काहीतरी दिसतं. गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांच्या मधली जी रेघ तलाठ्याला कधी अडली नाही, ती इथे अडते. नाव अक्षरी लिहा, पुढे गट नंबर टाका आणि सुटा.

पुढची भानगड झेरॉक्सच्या जुन्या मशीनची. तिच्या स्कॅनरला एसएमबीची पहिलीच आवृत्ती कळते. दुरुस्तीवाला येतो, विंडोजमध्ये ती चालू करतो, 'झालं साहेब' म्हणून पैसे घेतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस याच दारातून जगभर शिरला, ब्रिटनमधली सरकारी इस्पितळं अडवून बसला. त्याच वर्षाअखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती आवृत्ती सहसा आपोआप येतही नाही. स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या, पण हे दार बंदच ठेवा.

राहता राहिली परवानगी. साहेबांचा हुकूम ठरलेला: 'पासवर्ड कशाला? सगळी घरचीच माणसं.' वडगावच्या कोर्टात वाटपाचे दावे लढतात तीही घरचीच. करारनाम्यांच्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क एकालाच द्या, बाकीच्यांना वाचण्यापुरता. आणि तो एक कोण, हे भाच्याला ठरवू देऊ नका.